क्लिफर्डच्या कसोटीवर कॅथलिक श्रद्धा: उत्तर कसं मांडू?

वर्धेकडचा_वाचक: एमए तत्त्वज्ञानाचा पेपर आहे. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणं कोणालाही, कुठंही चूकच, असं इंग्रज विचारवंत क्लिफर्ड म्हणतो. यावर कॅथलिक उत्तर 'श्रद्धेला पुरावा लागत नाही' एवढंच का? देवश्रद्धेची बाजू मांडणाऱ्या अमेरिकी तत्त्वज्ञ प्लँटिंगालाही त्यातच धरू का?

धुरा: ते वाक्य आधी खोडा भाऊ, मार्क तिथंच जातात. 1870 च्या पहिल्या व्हॅटिकन परिषदेनं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या धर्मसभेनं, उलटंच ठरवलं: देव आहे हे बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात निश्चितपणे कळू शकतं. मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञ अक्वायनसच्या मते ते श्रद्धेचं कलमच नाही, कलमांच्या आधीची पायरी आहे. ज्याला सिद्धता झेपत नाही, त्यानं ते श्रद्धेनं मानायला मात्र अक्वायनसची हरकत नाही. त्रैक्य (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) बुद्धीनं सिद्ध होत नाही, ते प्रकटीकरणातून, म्हणजे देवानं स्वतः उघड केल्यानं, कळतं. पण बुद्धीच्या विरुद्धही नाही. हे दोन थर मिसळले की सगळा चिखल होतो.

वाफसा: क्लिफर्डचा (1877) जहाजमालक शंका दाबून, न तपासताच जुनं जहाज प्रवाशांसह समुद्रात सोडतो. तो समजायला सोयाबीन घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायची, सत्तर तरी उगवले पाहिजेत. एकानं न मोजताच 'उगवतेच' अशी मनाची समजूत घातली अन् बियाणं शेजाऱ्याला विकलं. पुढं ते झकास उगवलं तरी क्लिफर्डच्या लेखी तो दोषीच. दोष निकालात नाही, विश्वास कसा कमावला त्यात आहे.

क्लिफर्डला अमेरिकी तत्त्वज्ञ विल्यम जेम्सनं दिलेलं (1896) उत्तर लिहाल तर त्याच्या अटी गाळू नका: पर्याय जिवंत (आपल्याला खरा वाटू शकेल असा), अटळ अन् मोठ्या मोलाचा हवा, शिवाय बुद्धीनं निकाल लागण्याजोगा नको. नाहीतर तो 'मनाला येईल ते माना' म्हणतो असं वाटतं.

धुरा: प्लँटिंगा कॅथलिक नव्हे, प्रोटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या परंपरेतला. नोत्र दाम या कॅथलिक विद्यापीठात शिकवायचा, त्यानं घोळ होतो. 'सकाळी चहा घेतला' ही आठवण आपण युक्तिवादाशिवाय मानतो, तशी देवश्रद्धाही मूलभूत असू शकते, हे त्याचं म्हणणं. मग कोणी काहीही मूलभूत ठरवेल की! त्यावर तो म्हणतो, युक्तिवाद नाही म्हणजे आधार नाही असं नव्हे. मला हे अर्धंच पटतं: श्रद्धा प्रमाण ठरणार की नाही हे शेवटी देव आहे की नाही यावरच येऊन थांबतं.

वाफसा: कॅथलिक बाजूनं इंग्रज धर्मपंडित न्यूमन (1870) जास्त कामाचा. कापसाचा ग्रेडर चिमटीत धागा ओढून लांबी सांगतो. त्याचं अनुमान कागदावर उतरत नाही, म्हणून ते अंदाजपंचे ठरत नाही. न्यूमनकडं अशा अनेक संभाव्यता एकत्र येऊन खात्री होते. त्याला निदान दीड पान द्या. जेम्सला अर्धं पुरे.