सल्ला हवा: थाळनेर, लळिंग, नंदुरबार, रावलापाणी एका दिवसात, माहितगार माणसासोबत

तापीची_लेक:
नमस्कार मंडळी, मी मूळची चोपड्याची, सध्या पुण्यात. होळीला माहेरी येतेय, सोबत मुलगा (नववीत) आणि आमचे अप्पा. पोराला किल्ला म्हटलं की तोफ आणि ड्रोन शॉट एवढंच सुचतं, मला त्याला जिथे खरंच काही वाईट घडलंय अशा जागा दाखवायच्यात, नीट सांगणारा कोणी सोबत असेल तर. मागे एका टूरवाल्याबरोबर गेलो तर प्रत्येक ठिकाणी "इथे लढाई झाली, वीस मिनिटात गाडीत या" एवढंच. वरची चार ठिकाणं एका दिवसात होतील का? अप्पांचे गुडघे दुखतात हेही धरा.

खापरावरचा_मांडा:
कथा चालनात ताई, चारी एका दिवसात? नंदुरबार-तळोदा एक दिशा, धुळं दुसरी, गाडीतच रात्र होईल. एक बाजू पकडा.

शिरपूरकर:
चोपड्याहून येणार तर थाळनेरच पकडा, तापीच्या त्याच काठाला आहे, नदी ओलांडायचीही गरज नाही. आता तिथे किल्ला म्हणून बघायला गेलात तर निराश व्हाल, बुरूज-भिंतींचे तुकडे, खाली तापी, बाजूला गाव, बस. पण गोष्ट मोठी आहे. जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला, होळकरांनी खानदेशातले किल्ले इंग्रजांना द्यायचे ठरले, आणि 27 फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज थाळनेरला आली. किल्लेदार तुळशीराम मामा, आत बहुतेक अरब शिबंदी. तोफा चालल्या, मग बोलणी सुरू झाली, काही इंग्रज अधिकारी आतल्या दिंडीतून (मोठ्या दरवाज्यातल्या छोट्या दारातून) शिरले आणि तिथे गडबड उडाली. कोण कोणाला काय म्हणालं, शरण आले होते की नव्हते, यावर तेव्हापासून वाद आहे. दोन अधिकारी मेले, आणि त्यानंतर आतली शिबंदी जवळजवळ सगळी कापून काढली, किल्लेदाराला फाशी दिली. याची चर्चा पुढच्या वर्षी थेट लंडनच्या संसदेत झाली, विजयाबद्दल आभाराचा ठराव होता तरी थाळनेरच्या फाशीचा भाग त्यांना सहज गिळता आला नाही. आमच्या शाळेत यातलं एक अक्षर शिकवलं नाही, पेशवाई संपली म्हणून पुढचा धडा.

जुना_मास्तर:
शिरपूरकरांनी छान लिहिलंय. फक्त एक सांगतो, गाईड घेताना त्याला आधीच विचारा की दिंडीतल्या गोंधळाबद्दल तुमचं म्हणणं काय. "आपले शूर, ते कपटी" एवढ्यावर आटोपत असेल तर दुसरा बघा, आणि इंग्रजांचा अहवालच वाचून दाखवत असेल तरीही दुसरा बघा, तो अहवाल जिंकणाऱ्यांनीच लिहिलाय. आसपासच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्यांकडे किंवा धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात विचारा, फिरवणारं कोणीतरी नक्की सुचवतील. मानधन आधी मोकळेपणी ठरवा, मास्तर माणूस स्वतःहून मागत नाही. आणि तिथेच फारुकींच्या कबरी आहेत त्याही बघा, मलिक राजापासून खानदेशची सुलतानी थाळनेरहून सुरू झाली, पुढे त्यांची राजधानी झालेल्या बुऱ्हाणपूरचा धागा पोराला आपोआप लागेल.

केळीवाला_भो:
नववीच्या पोराला कापाकापी कशाला सांगायची? तोरणमाळला न्या, हवा चांगली.

तापीची_लेक:
भाऊ, तो मोबाईलवर रोज याहून जास्त कापाकापी बघतो. 😅

सातपुड्याचा_पोऱ्या:
रावलापाणीबद्दल बोलतो, आमच्याच भागातलं आहे. ताई, या जरूर, पण थाळनेरला जोडून नको, तिकडे एक वेगळा दिवस ठेवा. गुलाम महाराजांनी आमच्या लोकांत दारू सोडा, आरती करा, एकमेकांना "आप की जय" म्हणा असं सांगितलं, ते गेल्यावर रामदास महाराजांनी काम पुढे नेलं. इतके आदिवासी एकत्र जमतात याचीच सरकारला धास्ती, 2 मार्च 1943 ला तिथे गोळीबार झाला, माणसं मेली. 2 मार्चला लोक अजून जमतात. ही पूजेची जागा आहे, रील नको, मोठ्याने गाणी नको, आणि दगडावरच्या गोळ्यांच्या खुणा दाखवा म्हणून म्हाताऱ्यांच्या मागे लागू नका, ते स्वतःहून बोलले तर बसून ऐका. अजून एक, बाहेरून गाईड आणू नका, गावातलाच कोणी घ्या.
आणि तुमच्या चोपड्याच्या जवळ धरणगाव आहे ना, 1825 मध्ये औट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने भिल्ल कोअर तिथे उभी केली. भिल्लांना आवरायला भिल्लांचीच पलटण. हे पोराला नक्की सांगा, किल्ले दाखवणारे सांगत नाहीत.

खापरावरचा_मांडा:
नंदुरबारला माणिक चौक पण त्याच दिवशी करून घ्या मग. 9 सप्टेंबर 1942 ला तिथल्या गोळीबारात गेला तेव्हा शिरीषकुमार पंधरा वर्षांचा होता, तुमच्या पोरापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठा. लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम पण त्याच गोळीबारात गेले, त्यांची नावं लोक गाळतात.

तापीची_लेक:
सगळ्यांचे खूप आभार. ठरवलं की पहिल्या दिवशी सकाळी थाळनेर, मग शिरपूर-धुळे हायवेने राजवाडे मंडळ, संध्याकाळी लळिंग. दुसऱ्या दिवशी नंदुरबार आणि रावलापाणी, अप्पांना जमलं तर. लळिंगच्या किल्ल्यावर अप्पा चढतील का?

शिरपूरकर:
नाही चढणार, गुडघे आहेत तर खालीच बसवा. पण लळिंगच्याच लांडोर बंगल्याबद्दल त्यांना विचारा, 31 जुलै 1937 ला बाबासाहेब धुळ्याच्या कोर्टात केससाठी आले तेव्हा तिथे थांबले होते, जुन्या माणसांना त्याच्या आठवणी ऐकून माहीत असतात. थाळनेरला नऊच्या आत पोचा, सावली नाही आणि मार्चचं ऊन आपल्याकडचं. शिरपूरला भरीत-भाकरीची सोय मी सांगतो, येण्याआधी दोन दिवस मेसेज टाका.