‘द आउटसायडर्स’ मुलांसोबत वाचताना: कुठे गुंततात, कुठे अडतात

एस. ई. हिंटन यांनी ही कादंबरी पंधराव्या वर्षी लिहायला घेतली. त्या तेव्हा ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात विल रॉजर्स हायस्कुलात शिकत होत्या. १९६७ साली पुस्तक बाजारात आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. पूर्व भागातले गरीब ‘ग्रीझर’ आणि पश्चिमेकडचे पैसेवाले ‘सोश’ यांचं हे वैर अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या वर्गांत अजून वाचलं जातं, आणि तिथल्या मराठी घरांतही मुलांच्या दप्तरातून येतं. ज्यांनी ती शिकवली आहे, मुलांबरोबर वाचली आहे किंवा भाषांतराला घेतली आहे, त्यांनी इथे नेमकं लिहावं. ‘छान आहे’ एवढ्याने पुढच्याचं काम होत नाही.

वर्गात शिकवताना

एकूण बारा प्रकरणं, पानं दोनशेच्या आत. आठवड्याला दोन प्रकरणं धरली तर दीड महिन्यात आरामात होते. पहिला अडथळा नावांचा. सुरुवातीलाच पोनीबॉय, सोडापॉप, डॅरी, जॉनी, डॅली, टू-बिट आणि स्टीव्ह अशी सात मुलं अंगावर येतात, आणि इथेच बरीच मुलं पुस्तक खाली ठेवतात. त्यांना एक तक्ता करायला सांगा: नाव, वय आणि घरी कोण आहे. तिसरा रकाना महत्त्वाचा. पोनीबॉयचे आईवडील आठ महिन्यांपूर्वी मोटारीच्या अपघातात गेलेत आणि वीस वर्षांचा मोठा भाऊ डॅरी घर चालवतोय. जॉनीच्या घरी आईवडील आहेत, पण त्याला तिथे मार नाहीतर दुर्लक्ष. सांभाळणारं मोठं माणूस कुणाकडेच नाही, हे तक्ता भरता भरता मुलांच्याच लक्षात येतं. पुढची सगळी पळापळ त्यातून येते.

‘सोश’ हा शब्द इंग्रजीत Soc असा लिहितात, तो ‘सॉक’ असा वाचू नका. तो ‘सोशल’चा तुकडा आहे, म्हणून ‘सोश’. पहिल्याच दिवशी सांगितलं नाही तर मुलं शेवटपर्यंत मोजे वाचत राहतात.

आणि अंगठ्यांकडे लक्ष ठेवायला लावा. दुसऱ्या प्रकरणात कळतं की जॉनीला ज्याने अर्धमेला होईस्तोवर मारलं त्याच्या बोटांत अंगठ्या होत्या. तिसऱ्यात निळी मस्टँग मोटार थांबते, आणि बॉब नावाच्या सोश मुलाच्या एका हातात तीन जाडजूड अंगठ्या दिसतात. हा तोच, असं ठणकावून कुणी सांगत नाही. ज्या मुलाने ती नोंद केली त्याला चौथ्या प्रकरणात, बागेतल्या कारंज्यापाशी, जॉनीचा चाकू का निघाला हे समजवावं लागत नाही. ‘पुढे एक खून आहे’ असं आधीच सांगितलं, की हा सगळा धागा वाया जातो.

वाचनगट चालवताना

वर्गाचे दोन तट पाडून ‘ग्रीझर बरोबर की सोश’ असा वादविवाद घेतात, तो घेऊ नये. मुलं त्वेषाने बोलतात, तास रंगतो, पण पुस्तक नेमकं ज्या गोष्टीच्या विरोधात उभं आहे तीच आपण करायला लावतो. चेरी ही सोश मुलगी दुसऱ्या प्रकरणातच सांगते की त्यांच्याकडेही सगळं आलबेल नाही. सातव्यात रँडी हा सोश मुलगा तर लढाईला येणारच नाही म्हणतो. कुणीही जिंकलं तरी ग्रीझर खाली आणि आम्ही वर, हे त्याला कळून चुकलंय.

त्यापेक्षा हे करा. नवव्या प्रकरणात ग्रीझर मारामारी जिंकतात. तिथे थांबून कोरा कागद द्या आणि विचारा, या जिंकण्याने काय काय बदललं ते लिहा. कागद कोराच परत येतो. त्याच रात्री जॉनी जातो, आणि त्याच्यामागोमाग डॅली. चौदा वर्षांच्या वाचकाला हे त्याच्याच वयाचा पोनीबॉय सांगतोय, कुणी मोठं माणूस उपदेश करत नाहीये. इतकी वर्षं पुस्तक टिकलंय ते माझ्या मते यामुळे.

लेखिका मुलगी होती हे शेवटी सांगा. समीक्षकांनी आधीच नाक मुरडू नये म्हणून प्रकाशकांनी फक्त आद्याक्षरं छापायला सुचवली होती. हे कळल्यावर मुलं चेरीची पानं पुन्हा उघडतात.

भाषांतर करताना

तीन जागी हमखास घसरायला होतं.

पहिली जागा ‘दादा’. सहा वर्षांनी मोठ्या भावाला मराठीत दादा म्हणणं अगदी ओठावर असतं. पण ‘दादा’ लिहिलं की पहिल्या पानावरच माया आली. इथे पोनीबॉयला वाटतंय की डॅरीला आपण नकोसे झालोय. डॅरी त्याला थोबाडीत मारतो म्हणून तो रात्री घरातून पळतो, आणि म्हणूनच त्या बागेत पोचतो. सहाव्या प्रकरणात इस्पितळात डॅरी रडतो तेव्हा कुठे ही गाठ सुटते. तोवर ‘डॅरी’ आणि ‘तू’ हेच ठेवावं, कानाला खटकलं तरी.

दुसरी जागा ‘ग्रीझर’. टपोरी, मवाली हे शब्द बाहेरच्याने दिलेले. ही मुलं स्वतःला ग्रीझर म्हणवतात, आणि शब्द आलाय तेल चोपडलेल्या लांब केसांवरून. पाचव्या प्रकरणात पडक्या चर्चमध्ये लपलेले असताना जॉनी चाकूने पोनीबॉयचे केस कापतो, पेरॉक्साइडने रंग उडवतो. पोनीबॉयला ते का इतकं लागतं? त्याची ओळखच कापली जातेय. ‘गुंड’ लिहिलं तर केसांचा संबंध तुटतो आणि तो प्रसंग नुसता वेशांतराचा होतो. मूळ शब्द ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे तेलाचा उल्लेख वाक्यातच गुंफा.

तिसरी जागा सर्वांत अवघड. त्याच चर्चमागे पहाट होताना पोनीबॉय रॉबर्ट फ्रॉस्टची आठ ओळींची कविता म्हणतो. कोवळा हिरवा रंग आधी सोनं असतो आणि ते टिकत नाही, असा तिचा भाव. आपल्याकडे आंब्याची, पिंपळाची नवी पालवी तांबूस, त्यामुळे मराठी वाचक क्षणभर थबकतो, थबकू द्यावं. खरी पंचाईत पुढे. जॉनीचे मरतानाचे शब्द (‘स्टे गोल्ड’) आणि बाराव्या प्रकरणातलं त्याचं पत्र याच सोन्यावर उभे आहेत. ‘सोन्यासारखा राहा’ म्हटलं तर मराठीत त्याचा अर्थ होतो गुणी बाळासारखा वाग. जॉनीला ते म्हणायचंच नाही. लहानपणी सगळं नवं वाटतं, ते नवेपण जपायला तो सांगतोय. ‘तुझ्यातलं सोनं जाऊ देऊ नको’ हे जवळ जातं. मात्र कवितेतही ‘सोनं’ हेच नाम हवं, ‘सोनेरी’ नको. नाहीतर शेवटी दुवा जुळत नाही.

सिनेमा केव्हा दाखवावा

पुस्तक संपल्यावरच. फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा चित्रपट १९८३ चा. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो भागातल्या लोन स्टार शाळेच्या मुलांनी आणि ग्रंथपालबाईंनी त्यांना पत्र पाठवून, सह्या करून मागणी केली, त्यातून तो झाला. निवड असेल तर २००५ ची वाढवलेली आवृत्ती घ्या. सुमारे बावीस मिनिटं जास्त आहे, आणि सुरुवातीचा हल्ला, भावांचं घर, शेवटचं न्यायालय हे तिच्यात परत आलंय. जुन्या आवृत्तीत भावांचं नातं फार पातळ झालं होतं.

शेवटची दोन प्रकरणं

इथे घाई करणारा वाचक अडकतो. पोनीबॉय अचानक म्हणू लागतो की चाकू माझ्याच हातात होता, जॉनी मेलेला नाही. मुलं विचारतात, लेखिकेची चूक झाली का? चूक नाही, तो धक्क्यात आहे आणि आपण त्याच्याच डोक्यातून वाचतोय. बाहेरचा निवेदक नाही, म्हणून कुणी सावरून घेत नाही. ही दोन प्रकरणं एकाच बैठकीत, मोठ्याने वाचावीत.

मग सर त्याला सांगतात की निबंध चांगला लिहिलास तर पास करतो, आणि तो लिहायला बसतो. पुस्तक मिटू देऊ नका. शेवटचं वाक्य झालं की लगेच पहिलं पान उघडून पहिलं वाक्य वाचायला लावा. दोन्ही एकच आहेत. आपण सुरुवातीपासून तो निबंधच वाचत होतो.