मदत हवी आहे – आईची हाडं आणि हार्मोनच्या गोळ्या

नमस्कार मंडळी, नागपुरात मनीषनगरला राहतो आम्ही. आई ५६ ची, ४५ व्या वर्षी गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली होती म्हणजे पाळी एकदमच बंद, तेव्हा हाडांचं कोणी काही बोललंच नाही अन् आम्हालाही सुचलं नाही. मागच्या महिन्यात अंगणात साधा पाय घसरला तर मनगटच मोडलं. मग डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजतात तो) केला, कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती, तो उणे २.७ आला, उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. व्हिटॅमिन डी पण कमी निघालं, नागपूरच्या उन्हात राहून! (पण दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर कोण निघतं इथे.)

आता हाडांचे डॉक्टर म्हणतात आठवड्यातून एक अ‍ॅलेंड्रोनेट (हाडांची झीज कमी करणारी गोळी), सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यासोबत अन् नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आईला अ‍ॅसिडिटीचा जुना त्रास, म्हणून ती घाबरते. मावशी म्हणते इस्ट्रोजेन (अंडाशयात बनतं ते हार्मोन) घे, हाडं टिकतात. ते खरंय, पण मी वाचलं की ते ६० च्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत सुरू केलेलं बरं, आणि आई साठीच्या आत असली तरी पाळी जाऊन ११ वर्षं झाली. बंद केलं की हाडं परत झिजतात म्हणे.

कोणाच्या घरी असं झालंय का, गोळी सोसली का? अन् रामदासपेठ-धंतोलीकडे हे दोन्ही नीट समजावून सांगणारे डॉक्टर असतील तर प्लीज मेसेज करा.