शब्दचर्चा : 'सात किलो दाब' म्हणजे नक्की किती?

विचारणा

एका एअर कॉम्प्रेसरच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतोय. मुळात दाब '७ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर' असा दिलाय, मीही तसाच लिहिला. मजकूर तपासणाऱ्यांनी 'प्रति चौरस सेंटिमीटर' खोडून 'दाब ७ किलो ठेवावा' असं केलं. शेरा : 'मेकॅनिक असंच बोलतो.' बोलतो, हे खरंच. कॉम्प्रेसरवाले 'सात किलो' म्हणतात, टायरमध्ये हवा भरणारे 'तीस पौंड' म्हणतात. चौरस इंच कुणाच्याच तोंडी नसतो. पण म्हणून तसंच छापायचं का? पुढे तक्त्यात हेच आकडे बार, पास्कल आणि पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) या एककांमध्येही द्यायचेत. आणि जाता जाता : दाब की दबाव?

प्रतिसाद

शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे. यंत्रात दाब, माणसावर दबाव. दबाव आणतात, दबावाला बळी पडतात, दबावगट असतो. दडपण त्याहून आतलं, कुणी न आणताही येतं. 'हवेचा दबाव' मला तरी हिंदी बातम्यांतून आल्यासारखा वाटतो.

पण 'दाब'सुद्धा एकच अर्थ धरून बसत नाही बरं का. पाणी कमी दाबाने येतं आणि वीजही कमी दाबाने येते. विजेतला दाब म्हणजे व्होल्टेज. 'उच्चदाब वाहिनी' वाचून कुणी बारमध्ये हिशोब करायला बसला तर अवघड आहे.

प्रतिसाद

बोलताना किलो, छापताना पूर्ण एकक. किलो हा इथे जोर आहे आणि जोर म्हणजे दाब नव्हे. तो किती जागेवर पसरलाय हे कळल्याशिवाय दाब ठरत नाही. तोच सात किलोचा जोर एका चौरस सेंटिमीटरवर दिला तर जवळपास सात वातावरणांचा दाब होतो, आणि अख्ख्या चौरस मीटरवर पसरला तर ६९ पास्कल, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. मधे दहा हजार पटींचा फरक. तुमच्या तपासनीसांनी नेमका तोच खोडलाय.

पास्कल किती चिमुकला आहे ते पाहायचं असेल तर ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कोरा कागद टेबलावर ठेवा. त्याचा खालच्या लाकडावर पडणारा दाब साधारण ०.८ पास्कल. म्हणून व्यवहारात किलोपास्कल किंवा मेगापास्कलच भेटतात. हवामानवाले हेक्टोपास्कल वापरतात, आणि तो आकड्याने मिलिबारएवढाच असतो, त्यामुळे जुने-नवे नकाशे शेजारी ठेवले तरी गोंधळ होत नाही.

तक्त्यासाठी : १ किग्रॅ/चौसेमी = ९८,०६६.५ पास्कल. १ बार = बरोबर १,००,००० पास्कल. १ प्रमाण वातावरण = १,०१,३२५ पास्कल. तिघं भावंडांसारखे दिसतात, म्हणून बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी जातात. किलो आणि बार यांत दोन टक्क्यांचा फरक, किलो आणि वातावरण यांत तीन टक्क्यांहून थोडा जास्त. हवा भरताना चालतं, तक्त्यात चालत नाही. पीएसआय करायला बारला १४.५ ने गुणा, किलोला १४.२२ ने. तुमचे ७ किलो म्हणजे ६.८६ बार, ६८६ किलोपास्कल, ९९.६ पीएसआय. तोंडी हिशोबाला पीएसआय गुणिले ७ म्हणजे किलोपास्कल. उत्तर दीडेक टक्का जास्त येतं एवढंच.

प्रतिसाद

एक गंमत. 'बार' हा आपल्या 'भार'चाच भाऊ असावा, नाही का? जुन्या पुस्तकांत 'वायुभार', 'वायुभारमापक' असे शब्द आहेतच. बॅरोमीटर = भारमीटर!

प्रतिसाद

मोह होतो खरा, पण नाही. बार आणि बॅरोमीटर ग्रीक 'बारोस' (वजन, जडपणा) वरून आले. त्या शब्दाचा संस्कृतातला नातलग 'भार' नसून 'गुरु' आहे, जड या अर्थाचा, 'लघु'च्या उलट. लॅटिनमधला 'ग्राविस' त्याच कुळातला. 'भार' आला 'भृ' म्हणजे वाहणे या धातूवरून, त्याचा ग्रीक भाऊ 'फेरो'. म्हणजे दिसायला सारखे ते परके, आणि न ओळखू येणारा तो सख्खा.

'वायुभार' शब्द मात्र मला 'वायुदाब'पेक्षा आवडतो. डोक्यावरच्या हवेचं वजनच ते. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेल्लीच्या नळीत १६४० च्या दशकात पारा सुमारे ७६० मिलिमीटरवर तोलून राहिला तो याच वजनाने. पाऱ्याऐवजी पाणी घेतलं असतं तर दहा मीटरांहून उंच नळी लागली असती. 'टॉर' हे एकक त्याच्या नावाचं. आणि डॉक्टर 'एकशेवीस-ऐंशी' सांगतात तेव्हा न उच्चारलेलं एकक तेच, पाऱ्याचे मिलिमीटर. त्याला ७.५ ने भागलं की किलोपास्कल : १६ आणि १०.७. पण रक्तदाब सोळा सांगितला तर घरचे घाबरून उठतील.

प्रतिसाद

एक गोष्ट राहिलीच. कुठल्या शून्यापासून मोजलाय? टायरच्या गेजवर ३२ पीएसआय दिसतं ते बाहेरच्या हवेच्या वर ३२. आत खरा दाब सुमारे ४६.७, कारण वातावरणाचे १४.७ गेज धरतच नाही. चाक बसलं, काटा शून्यावर आला, तरी आत एक वातावरण हवा आहेच. पहिल्याला 'गेज दाब' आणि दुसऱ्याला 'निरपेक्ष दाब' म्हणा. 'खरा दाब' म्हणू नका, गेजवाला खोटा ठरतो. एकक अचूक बदललं आणि शून्य बदललं तर सगळी अचूकता वाया. समुद्रात दहा मीटर खाली गेलेल्या पाणबुड्याला विचारा, त्याच्यासाठी १ वातावरण (गेज) आणि २ वातावरणं (निरपेक्ष) ही दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

'वातावरण' हे एकक म्हणून लिहिणार असाल तर आधी एकदा मोठ्याने वाचून बघा. 'टाकीत आठ वातावरणे होती' हे मला तरी निवडणुकीच्या बातमीसारखं ऐकू येतं. सरळ 'ॲटमॉस्फिअर' लिहा.

मूळ विचारणा करणारा

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय : 'गेजवरील दाब ७ किग्रॅ/चौसेमी (सुमारे ६.९ बार) ठेवावा; बोलीभाषेत यालाच सात किलो म्हणतात.' तपासणाऱ्यांना पटलं. तक्त्याचा मथळा 'दाबाच्या परिमाणांचे रुपांतर' असा घेतोय.

प्रतिसाद

परिमाण नको, एकक. परिमाण कधी युनिट असतं, कधी नुसतं प्रमाण, वाचणाऱ्याने काय समजायचं? आणि 'रूपांतर'चा रू दीर्घ.