मदत हवी आहे : पाच किलोमीटर धावायचंय, दोन मिनिटांत धाप लागते

मंडळी, वडोदऱ्यातलं कुणी धावणारं आहे का इथे? ऑफिसातल्या मुलींनी मला न विचारताच माझं नाव एका चॅरिटी रनमध्ये घातलंय. अंतर ५ किमी, पैसे मुलांच्या उपचारांसाठी जाणार, म्हणून नाही म्हणवेना. वय ४७, आजवर धावले ती फक्त बस पकडायला!

पंधरा दिवस झाले, पहाटे कमाटीबागेत जातेय. दोन मिनिटं धावायचं, दोन मिनिटं चालायचं. फुलांच्या घड्याळापाशी पोचेपर्यंत बोलायला श्वास उरत नाही. तिथे एक आजोबा रोज हसून म्हणतात, "ताई, धीमे धीमे!" म्हणजे मी फार जोरात पळतेय का?

दुसरं म्हणजे उजवी नडगी. समोरून, हाडाच्या कडेने ठणकते. जिना उतरताना जास्त. बूट मुलाचे जुने, टाच एका बाजूने झिजलेली. आधी बूट बदलू, की आठवडाभर नुसतं चालू? डॉक्टरांना कधी दाखवावं?

आणि पहाटे निघताना काय खाता? केळं खाल्लं तर पोटात गुडगुडतं, उपाशी गेले तर चक्कर येते. (परतताना शेव-उसळ खाते, त्यावर कृपया बोलू नका.)

महिना उरलाय. मध्ये मध्ये चाललं तर चालतं ना?