जोतिबाच्या यात्रेआधी जुना डिजिकॅम घ्यायचाय, कुठला घेऊ?

रंकाळ्याचा_वारा
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. मी कोल्हापूरचा, कॉलेजला पुण्यात. आमच्या ग्रुपमधे सध्या सगळ्यांना जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचं वेड लागलंय, तेच २००५ ते १० मधले खिशात मावणारे, ज्यांच्यावर घरोघरी बारशी आणि साखरपुडे उरकले. मैत्रिणीचा मागून घेऊन एक दिवस हॉस्टेलवर वापरला आणि खरं सांगतो, फोनमधल्या चारशे फोटोंपेक्षा त्यातले सहा मला जास्त आवडले, का ते काय सांगता येत नाही. आता चैत्र पौर्णिमेला जोतिबाला जायचंय, सासनकाठ्या (देवाच्या त्या उंच सजवलेल्या काठ्या), गुलाल, गर्दी, सगळं फ्लॅश मारून काढायचं डोक्यात बसलंय.

इन्स्टावर एक पेज कॅनन इक्सस ७० साडेसहा हजाराला देतंय, 'सीसीडी, ड्रीमी कलर' असं काय काय लिहून. दुसरीकडं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात रविवारी एका काकांकडं पॉवरशॉट ए५९० आयएस बघितला, दीड हजार म्हणाले, पण सेल नव्हते म्हणून चालू करून बघता आला नाही. बजेट पाच हजाराच्या आत. सीसीडीचा, म्हणजे फोटो टिपणाऱ्या त्या जुन्या प्रकारच्या सेन्सरचा, रंग म्हणतात तो खरंच असतो का नुसती हवा? आणि चांगला फोन खिशात असताना असला डबा घेणं येडेपणा आहे का? (वडील म्हणतात आहे.)

पेन्सिलसेल
वडिलांचं ऐकू नकोस, पण एक रुपया खर्च करायच्या आधी मामा, काका, आत्या सगळ्यांना फोन लाव. प्रत्येक घरात लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक असतोच, चार्जर हरवलाय म्हणून पडलेला. माझ्याकडचे चारातले तीन असेच आलेत.

नसलाच मिळत तर ए५९० घे, डोळे झाकून नाही पण घे. इक्सस ७० वाईट नाही, उलट दिसायला तोच देखणा, पण त्याला त्याचीच एनबी-४एल बॅटरी लागते, कंपनीची मूळ बॅटरी आता मिळाली तरी पडून पडून म्हातारी झालेली असणार आणि लोकल घेतलीस तर नशीब. ए५९० ला दोन पेन्सिल सेल, विषय संपला. फक्त टपरीवरचे साधे सेल घालू नको, फ्लॅश मारला की पाचदहा फोटोत कॅमेरा मान टाकतो आणि मग लोक म्हणतात कॅमेरा खराब. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडवाले, एनेलूप वगैरे, चार घेऊन ठेव. शिवाय ए५९० ला एम, टीव्ही, एव्ही सगळे मोड आहेत, म्हणजे शटरचा वेळ (टीव्ही), लेन्सचं भोक (एव्ही) किंवा दोन्ही (एम) हाताने ठरवता येतात, इक्सस ७० मधे हे मोड नाहीत. २००८ चं मॉडेल, ८ मेगापिक्सेल, चारपट झूम, वर डोळा लावून बघायची खिडकीपण आहे, उन्हात स्क्रीन दिसत नाही तेव्हा कळते किंमत.

बाजारात जाताना सेल आणि २ जीबीचं कार्ड स्वतःचं घेऊन जा, विक्रेत्याच्या भरवशावर राहू नको. ए५९० ला एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं चालतं, पण त्याआधीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांना २ जीबीच्या वरचं कार्ड कळतच नाही आणि आजकालचं ६४ चं घातलंस तर नुसतं कार्ड एरर. सोनीचा दिसला तर मेमरी स्टिक, ऑलिंपस किंवा जुना फुजी असेल तर एक्सडी कार्ड, ते कार्ड सोबत नसेल तर कॅमेरा फुकट दिला तरी विचार कर, कारण कार्ड शोधण्यात कॅमेऱ्याइतके पैसे जातात.

चालू झाला की झूम चार वेळा पुढेमागे कर, करकर आवाज आला किंवा लेन्स अडखळली तर ठेव खाली. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो, आणि लेन्सवर हात ठेवून पूर्ण काळा एक. काळ्यात एखाददुसरा ठिपका चालतो. फ्लॅश पाच वेळा लागोपाठ मार. सेलच्या खणातल्या पट्ट्यांवर हिरवं-पांढरं साचलं असेल तर ते पुसता येतं, त्यावरून उलट भाव पाडून माग. आणि काही झालं तरी घरी स्क्रू काढून उघडू नको, फ्लॅशच्या कपॅसिटरमधे (वीज साठवणारा भाग) सेल काढल्यावरसुद्धा तीनेकशे व्होल्ट बसलेले असतात. मी एकदा खाल्लाय झटका, बोट दिवसभर आपलं वाटत नव्हतं.

शंकासूर
सीसीडी सीसीडी काय लावलंय सगळ्यांनी. सेन्सर सीसीडी असो नाहीतर सीमॉस, तो फक्त उजेड मोजतो. रंग ठरतो सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरवर आणि कंपनीने जेपेग (फोटोची तयार फाइल) बनवताना काय मसाला घातला त्यावर. त्या काळात कंपन्या मसाला जरा सढळ हाताने घालायच्या, कॉन्ट्रास्ट जास्त, लाल-निळं भडक, आणि सेन्सर नखाएवढा असल्यामुळे उजेडाचे भाग पटकन पांढरेफट्ट होतात. फोन काय करतो तर एका फोटोसाठी अनेक फ्रेम घेऊन सावल्या उजळतो, आकाश वाचवतो, चेहरे गुळगुळीत करतो, सगळं दिसतं म्हणून काहीच उठून दिसत नाही. जुना कॅमेरा एकच फ्रेम घेतो, चुकली तर चुकली.

तुला जे आवडलं त्यातला अर्ध्याहून जास्त वाटा फ्लॅशचा आहे, पैज लावतो. फोनचा फ्लॅश म्हणजे एलईडी, टॉर्चच. याचा झेनॉन, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळात सगळा उजेड ओततो, त्यामुळे उडी मारलेला माणूस हवेतच थिजतो आणि मागे काळोख. हे फोनला जमत नाही. तेव्हा साडेसहा हजार 'ड्रीमी कलर'ला देऊ नकोस, दीड हजार फ्लॅशला दे.

आणि ऑनलाइन '४८ मेगापिक्सेल व्हिंटेज' म्हणून नवे कोरे कॅमेरे दिसतील, तिकडे फिरकू नका. फ्लॅशच्या जागी पिवळट एलईडीचा ठिपका दिसला आणि झूम करताना लेन्स बाहेर येत नसेल तर ते खेळणं आहे.

देवगडची_मालू
इथे सगळे घाटावरचे दिसतायत म्हणून कोकणातून एक भर घालते. बुरशी! झूम पूर्ण बाहेर काढा, मोबाईलचा टॉर्च तिरका मारा आणि लेन्सच्या आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर समजायचं. थोडी असेल तर फोटोत कळतपण नाही, उलट दिव्यांभोवती मऊ वलय येतं जे लोक हल्ली फिल्टर लावून मुद्दाम आणतात 😄 पण ती वाढते. माझा एक असाच गेला, त्याच्याबरोबर आलेल्या लेदरच्या पाऊचमधे दोन पावसाळे ठेवला होता, नंतर कळलं की लेदर ओल धरून ठेवतं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. तांदळात ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पीठ आत जातं.

दुसरं म्हणजे २००२ ते ०४ च्या दरम्यान बनलेल्या सेन्सरची एक खेप होती जी उष्ण दमट हवेत आतूनच बिघडायची, फोटो जांभळे किंवा आडवे फाटल्यासारखे येतात, नाहीतर थेट काळे. २००५ मधे कंपन्यांनी ते मान्य करून फुकट दुरुस्त करून दिले होते, आता कोण देणार. एकाच कंपनीचे नव्हते, बऱ्याच ब्रँडमधे तेच सेन्सर बसवलेले. म्हणून मी २००६ च्या आधीचं काही घेत नाही. स्क्रीनवर सूर्य किंवा दिवा आला की उभी पांढरी-जांभळी रेघ येते ती मात्र बिघाड नाही हां, सीसीडीचा स्वभावच आहे, फोटोत सहसा उतरत नाही, व्हिडिओत येते.

रंकाळ्याचा_वारा
बाप रे, एवढं कुणी सांगेल वाटलं नव्हतं, लई आभार. मामाला फोन लावला, ऑलिंपस सापडला, कार्ड नाही, चार्जर नाही, झाकणाला रबर गुंडाळलेलं. मामा म्हणतोय घेऊन जा, मामी म्हणतेय बरं झालं जागा झाली. तर तो शोपीस. ए५९० १३०० ला मिळाला, सेल घेऊन गेलो होतो, काळ्या फोटोत एकच लाल ठिपका. आता गुलालात सेटिंग काय ठेवू? डोंगरावर दुपारी हवा अक्षरशः गुलाबी असते.

शंकासूर
ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा आपोआप रंग बदलतो ते) बंद कर, हे पहिलं. सगळी फ्रेम गुलाबी दिसली की कॅमेऱ्याला वाटतं उजेडच गुलाबी आहे आणि तो गुलाबी काढायला जातो, मग गुलाल मळकट आणि माणसं आजारी दिसतात. डे लाइटवर ठेव. एक्स्पोजर उणे २/३, म्हणजे फोटो जरा काळसर, कारण भडक गुलाबीत लाल रंग आधी फुटतो आणि मग तिथे गुलालाचा पोतच राहत नाही, नुसता रंगाचा ठपका. आयएसओ (सेन्सर उजेड किती वाढवून घेतो ते) ८० किंवा १००, उन्हात त्याच्यावर जायची गरज नाही.

फ्लॅश तीनेक मीटरच्या पलीकडे पोचत नाही. म्हणजे सासनकाठीचं टोक विसर, ती जो पेलत असतो त्याच्याजवळ जा. गुलाल उधळताना फ्लॅश मारलास की लेन्सच्या अगदी पुढचे कण मोठे गोल गोल होऊन चमकतात. काहींना तो दोष वाटतो. मला विचारशील तर त्यासाठीच जा.

पेन्सिलसेल
संध्याकाळी टीव्ही मोडवर शटर १/८ किंवा १/४ सेकंद, फ्लॅश चालू, आणि बटण दाबताना कॅमेरा किंचित फिरव. समोरचा माणूस फ्लॅशमुळे धारदार येतो आणि मागचे दिवे ओढले जातात. दहातले आठ फोटो वाया जातील, जाऊ दे, सेल चार्ज होतात.

धूळ मात्र शत्रू आहे. या लेन्सच्या नळ्या एकात एक सरकतात, फटीत गुलाल गेला की मोटर अडकते आणि स्क्रीनवर लेन्स एरर. कॅमेरा दुधाच्या पिशवीत घाल (धुतलेल्या!), लेन्सपुरतं भोक पाडून कडेला चिकटपट्टी. झूम लावूच नको, रुंद बाजूलाच ठेव, गर्दीत चालू-बंद कमी कर. सीएचडीके म्हणून एक सॉफ्टवेअर असतं कॅननच्या अशा छोट्या कॅमेऱ्यांसाठी, कार्डवर टाकलं की रॉ (मसाला न घातलेल्या) फाइल वगैरे मिळतात, कॅमेऱ्यात कायमचा काही बदल होत नाही. पण ते यात्रेनंतर, आत्ता डोकं भणाणेल.

रंकाळ्याचा_वारा
जाऊन आलो. चांगभलं!! २६० फोटो, त्यातले १५-२० बरे, तीन असे की मी स्वतःच परत परत बघतोय. त्यातल्या दोन ठिकाणी मला काढायचं होतं वेगळंच. एकात एक आजोबा डोळे मिटून हात वर करून उभे आहेत आणि त्यांच्या तोंडापुढं गुलालाचा एवढा मोठा गोल आलाय की चेहरा अर्धाच दिसतो, मागचं सगळं अंधारलेलं, भर दुपारी! (उणे २/३ च्या जागी उणे २ लागलं होतं, बटण पिशवीतून दाबलं जात होतं.) ७५ रुपयांच्या ओटीजी कार्ड रीडरने तिथंच फोनवर घेतले, तर ज्यांचे काढले ते सगळे मागं लागले आम्हाला पाठव म्हणून. वडिलांनी पण बघितले, काय बोलले नाहीत, पण दोन फोटो स्वतःच्या स्टेटसला आहेत.

एक प्रॉब्लेम. पिशवीला चिकटपट्टी लावूनसुद्धा लेन्सच्या कडेच्या फटीत गुलाबी रेघ दिसतेय. झूम चालतोय पण थोडा खसखस आवाज. ओल्या फडक्यानं पुसू का?

पेन्सिलसेल
अजिबात नाही! ओलं झालं की गुलालाचा चिखल होऊन आत बसेल. कॅमेरा बंद, सेल बाहेर, लेन्स खाली करून धर आणि रबरी ब्लोअरने फटीत हवा मार, तोंडाने फुंकू नको, थुंकी जाते. मग कोरड्या मऊ पेंटब्रशने कडा, परत ब्लोअर. सेल घालून चालू कर म्हणजे नळी बाहेर येईल, तशीच बाहेर असताना सेल काढ आणि परत ब्लोअर. हे तीनचारदा. तोवर झूम वापरू नको. आणि तो आजोबांचा फोटो टाक इथे, नुसतं वर्णन काय करतोस.