मेदॉकची २०१९ ची रेड वाइन अजून तुरट लागतेय, इंदुरात ठेवायची कशी?

विजयनगरकर: फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मेदॉकच्या सहा बाटल्या आहेत. द्राक्षं: कॅबरने सोव्हिन्यों ६०, मर्लो ३५, पेती व्हर्दो ५ टक्के. एक उघडली. वास जांभळासारखा, छान, पण घोट घेतला की हिरड्या आवळतात. खराब झाली का? उरलेल्या पाच कपाटात आडव्या आहेत. तिसरा मजला, पश्चिमेची भिंत.

तुरट_गोड: खराब नाही, कोवळी आहे. कडू नि तुरट यांत गल्लत नको. कच्चं केळं चावल्यावर गालांना आतून जे होतं ते तुरट, म्हणजे टॅनिन; सालीतून, बियांतून, ओकच्या पिंपातून येतं. वर्षं जातात तसे त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काही रंगासकट गाळ होऊन तळाशी बसतात आणि घोट मऊ होतो. कॅबरने जास्त, म्हणून वेळ लागणार. मर्लोचा भरणा असलेली, बोर्दोतल्याच सेंत-एमिलियोंकडची वाइन साधारण लवकर पिकते.

आजच प्यायची तर रुंद बुडाच्या काचेच्या जगमध्ये ओतून दीड तास ठेवा, पण १६-१८ अंशांवर. ३२ अंशांच्या खोलीत नाकात नुसतं अल्कोहोल जातं. आणि सोबत लवंग शेव नको हो, तिखटाने ते आणखी झोंबतं. मटण किंवा पनीर चालेल, प्रथिनं टॅनिनला धरून ठेवतात.

माळवा_तळघर: किती वर्षं ते नंतर बघू, आधी ते कपाट सोडा. मे महिन्यात बाहेर ४० च्या वर, भिंत रात्रीपर्यंत तापलेली. गरम झाली की वाइन फुगते, बूच वर सरकतं, गार झाली की हवा आत ओढली जाते. पाचही बाटल्यांचं बूच बोटाने चाचपा. तोंडाच्या वर आलेलं असेल किंवा आवरणाखाली चिकट ओघळ असेल, तर ती बाटली आधी संपवा. शिजवलेल्या मुरांब्यासारखी चव आली तर उष्णतेने गेली समजा.

वाइन कूलर घेताना कॉम्प्रेसरचाच घ्या, १३ अंशांवर लावा. बिनकॉम्प्रेसरचा स्वस्त नि शांत असतो खरा, पण बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम १०-१५ अंश खाली जातो. आपल्या उन्हाळ्यात त्याचा काही उपयोग नाही.

विजयनगरकर: कूलर येईपर्यंत साधा फ्रिज चालेल?

माळवा_तळघर: महिना-दोन महिने बिनधास्त, खालच्या कप्प्यात. वर्षानुवर्षं नको, कोरड्या हवेने बूच आक्रसतं.

तुरट_गोड: दर दोन वर्षांनी एक उघडा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा: वाइनची कड जांभळट असेल तर थांबा, विटकरी झाली नि वासात तंबाखू, चामडं आलं की बाकीच्या लांबवू नका. तोवर गाळही धरला असेल. बाटली आदल्या दिवशी उभी करा, मानेखाली टॉर्च धरून सावकाश ओता, गाळ मानेशी आला की हात थांबवा. अशा जुन्या बाटलीला मात्र दीड तास हवा देऊ नका, लगेच प्या. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर तो बुचाचा दोष, हवेने जात नाही.